गॅस्केट का उडाले? रोव्हरच्या एका इंजिनाचा इतिहास

१/
८ एप्रिल २००५. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील एमजी रोव्हर ही कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे ६,००० कामगारांची नोकरी संपली. ब्रिटनमध्ये आजही ‘रोव्हर’ म्हटले की अनेकांच्या ओठी एकच शब्द येतो, ‘हेड गॅस्केट’. एवढ्या मोठ्या कारखान्याची आठवण एका पातळ पत्र्यापाशी येऊन का थांबावी? आजचा धागा त्या पत्र्याविषयी आहे. ‘कारण’ आणि ‘लक्षण’ यांतला भेद इतिहासाच्या अभ्यासकाने कसा ओळखावा, हेही त्यातून पाहू.

२/
प्रथम ही वस्तू समजून घेऊ. मोटारीच्या इंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात. आणि वरचे हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. या दोहोंच्या सांध्यात जो पातळ पत्रा दाबून बसवतात, तो हेड गॅस्केट. कुकरच्या झाकणातली रबरी रिंग वाफ अडवते; तेच काम येथे कितीतरी कठीण परिस्थितीत चालते.

३/
कठीण अशासाठी की या एका पत्र्याला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि वंगणाचे ऑइल. ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि काही मिलिमीटरवर असलेले कूलंट शंभराच्या आसपास असते. शिवाय इंजिन तापते तेव्हा धातू प्रसरण पावतो, निवते तेव्हा आकसतो. गाडी जितक्या वेळा सुरू होऊन थांबते, तितक्या वेळा या सांध्याची परीक्षा होते.

४/
आता स्थळाकडे वळू. लाँगब्रिजचा मोटार कारखाना हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९०५ मध्ये सुरू केला. १९५१ मध्ये ऑस्टिनच्या ए-३० या छोट्या गाडीतून तेथले ए-सिरीज इंजिन बाजारात आले. ब्लॉकही बिडाचा, हेडही बिडाचे. पुढे १९५९ च्या मिनीत तेच बसले आणि २००० साली जुन्या मिनीचे उत्पादन थांबेपर्यंत टिकले. हे इंजिन जड होते, जुन्या वळणाचे होते, पण दोन्ही भाग एकाच धातूचे असल्याने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत. त्यामुळे गॅस्केटचे काम तुलनेने सोपे होते.

५/
ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता लवकर वाहून नेते, म्हणून अभियंत्यांना त्याचा मोह पडतो. मात्र उष्णतेने ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हा धडा ब्रिटनला आधीच मिळाला होता. १९६३ मध्ये रूट्स समूहाने स्कॉटलंडमधील लिनवूड येथे ‘हिलमन इम्प’ ही छोटी गाडी काढली. इंजिन मागे आणि ॲल्युमिनियमचे. त्याचे मूळ आगीच्या पंपासाठी बनवलेल्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्सच्या इंजिनात होते. पाण्याकडे दुर्लक्ष झाले की ते तापे, हेड वाकडे होई आणि गॅस्केट उडे. इंजिन गुणी होते, पण निष्काळजी हाताळणीला क्षमा करणारे नव्हते.

६/
१९८० च्या दशकात ऑस्टिन रोव्हर ही सरकारी मालकीची, तोट्यात चाललेली कंपनी होती. जपानच्या होंडाशी तिचे सहकार्य होते आणि होंडाची इंजिने विकत घेणे हा सोपा मार्ग समोर होता. तरीही स्वतःचे नवे इंजिन असावे असा आग्रह कंपनीने धरला. जी कंपनी स्वतःचे इंजिन बनवू शकत नाही, ती कालांतराने दुसऱ्याच्या भागांची जुळणी करणारी छावणी उरते, हा त्यामागचा विचार होता. १९८८ मध्ये सरकारने कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांना विकली. १९८९ मध्ये रोव्हर २१४ या गाडीत नवे १.४ लिटरचे इंजिन दिसले. त्याचे नाव के-सिरीज.

७/
त्याची रचना धाडसी होती. ब्लॉक, हेड आणि खालचा बेअरिंगचा भाग हे सारे ॲल्युमिनियमचे थर एकावर एक रचलेले, आणि दहा लांबलचक बोल्ट वरून थेट तळापर्यंत आरपार गेलेले. बोल्ट आवळले की सगळे थर एकत्र दाबले जात. सँडविचला दहा काड्या टोचून धरावे तसे. धातूवर ताण येण्याऐवजी दाब येई, आणि दाब सोसणे ॲल्युमिनियमला मानवते. त्यामुळे भिंती पातळ ठेवता आल्या आणि वजन कमी झाले.

८/
ओतकामही नव्या पद्धतीचे होते. वितळलेले ॲल्युमिनियम वरून न ओतता कमी दाबाने खालून वाळूच्या साच्यात चढवले जाई. त्यामुळे पृष्ठभागावरची ऑक्साइडची साय धातूच्या पोटात मिसळत नसे आणि ओतीव भाग निर्दोष निघे. हे तपशील मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडले त्यावरून ‘मुळात इंजिनच टाकाऊ होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. आपल्या काळातले ते अत्यंत पुढारलेले छोटे इंजिन होते.

९/
सिलिंडरची रचना मात्र नीट ध्यानात घ्या. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाचे चार लायनर, म्हणजे नळ्या, वरून सरकवून बसवलेले असत. या लायनरच्या वरच्या कडा ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर उंच राहायला हव्यात. मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा, तोही पुरता नाही! हेड आवळल्यावर गॅस्केटची ज्वालारोधक कडी त्या उंच कडांवर घट्ट चेपली जाते. लायनर खाली दबले, तर कडीवरचा दाब जातो आणि जळत्या वायूला वाट मिळते.

१०/
१.१ आणि १.४ लिटरच्या इंजिनांचा लौकिक चांगला झाला. मग मोह झाला तो मोठ्या इंजिनाचा. १९९५ पासून १.६ आणि १.८ लिटरचे के-सिरीज आले. सिलिंडरचा व्यास ७५ वरून ८० मिलिमीटर झाला, पण ब्लॉकची बाहेरची लांबी तीच राहिली. म्हणजे दोन सिलिंडरांमधली जागा ५ मिलिमीटरने घटली. पूर्वी लायनरच्या बऱ्याच भागाभोवती कूलंट खेळे; आता ते फक्त वरच्या भागाभोवती उरले. शक्ती वाढली, उष्णता वाढली, गॅस्केटला पाय रोवायला जागा मात्र कमी झाली.

११/
आणि हे इंजिन बसवले गेले कोठे, तेही पाहा. १९९५ च्या एमजीएफ या स्पोर्ट्स कारमध्ये ते आसनांच्या मागे होते आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे कूलंटचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून धावत. १९९६ च्या लोटस एलिसमध्येही इंजिन मागेच होते. १९९७ मध्ये लँड रोव्हर फ्रीलँडर आली. जड, चारही चाकांवर चालणारी ही गाडी ओढण्याचे काम त्याच १.८ लिटरच्या इंजिनाकडे होते. ज्या इंजिनाची मूळ कल्पना छोट्या हलक्या गाडीसाठी झाली, त्याच्या खांद्यावर एकेक ओझे चढत गेले.

१२/
आता दोषांची साखळी. पहिला दुवा म्हणजे कूलंट. इंजिन लवकर तापावे, इंधन वाचावे आणि धूर कमी व्हावा म्हणून के-सिरीजमध्ये कूलंट थोडेच ठेवले होते. हेतू चांगला होता. पण थोड्या पाण्यातून थोडे जरी गळाले, तरी तोटा प्रमाणाने मोठा असतो. इनटेक मॅनिफोल्डच्या रबरी सीलमधून अशी संथ गळती होत असे. जमिनीवर डबके दिसत नसे, मालकाला कळत नसे. शिवाय तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उतरून तो उघडा पडला, तर काटा शांत आणि इंजिन भट्टी, असेही होऊ शकते.

१३/
दुसरा दुवा थर्मोस्टॅट. ही झडप इंजिनात शिरणाऱ्या थंड पाण्याच्या वाटेवर होती. थंडीच्या दिवसांत इंजिन तापून झडप उघडली की रेडिएटरमधले गार पाणी एकदम तापल्या धातूवर येई. झडप मिटे, पुन्हा उघडे. तापल्या तव्यावर पाण्याचा सपकारा मारावा तसा हा प्रकार होता. एमजीएफ आणि फ्रीलँडरमध्ये पाइप लांब असल्याने गार पाण्याचा हा साठाही मोठा असे.

१४/
तिसरा दुवा खुद्द गॅस्केट. मूळ गॅस्केट पोलादी पत्र्याचे होते आणि कूलंट व ऑइल अडवण्यासाठी त्यावर सिलिकॉन रबराची बारीक कड चिकटवलेली असे. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर सूक्ष्म सरकले की ही कड सुटू लागे. चौथा दुवा, हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन खुंट्या. त्या प्लास्टिकच्या होत्या. जोडणीपुरत्या पुरेशा, पण सरकणे रोखण्यास असमर्थ. पुढे कंपनीनेच त्या पोलादी केल्या.

१५/
एकेक दुवा पाहिला तर कोणताही प्राणघातक नाही. केसभर दबलेला लायनर, थोडेसे गळणारे सील, चुकीच्या जागचा थर्मोस्टॅट, प्लास्टिकची खुंटी. पण सारे एकाच सांध्यावर येऊन भिडत होते आणि त्या सांध्यातला सर्वांत नाजूक घटक गॅस्केट होते. म्हणून तुटले ते, आणि बदनामही तेच झाले.

१६/
निदान कसे होते? जगातल्या कोणत्याही छोट्या गाडीला ही रीत लागू आहे. कूलंट कमी होत राहते, पण गळती दिसत नाही. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधी, लोण्यासारखा थर साचतो. थंड इंजिन सुरू करताच रबरी पाइप दगडासारखे ताठरतात. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात.

१७/
मात्र शहाणा मिस्त्री एका लक्षणावर निकाल देत नाही. थंडीत छोट्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली नुसत्या ओलाव्यानेही दुधी थर येतो. म्हणून तो कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची नळी धरतो. ज्वलनाचा वायू त्यात आला तर निळा रंग पिवळा पडतो. तो प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतो. शेजारच्या दोन सिलिंडरांत ते एकत्र घटले असेल, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. तो कूलंटच्या वाटेत हवेचा दाब देऊन किती वेळ टिकतो ते पाहतो. एक पुरावा संशय देतो, तीन पुरावे निष्कर्ष देतात. आपल्या शास्त्रातही याहून वेगळे काय आहे?

१८/
दुरुस्तीची गोष्ट. इंजिन पूर्ण निवू द्यायचे, कूलंट काढायचे, टायमिंग बेल्ट उतरवायचा, मग दहा बोल्ट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे. के-सिरीजमध्ये येथे एक सापळा होता. हेड उचलल्यावर लायनरला वरून धरणारे काही उरत नाही. चुकून क्रँकशाफ्ट फिरवला, तर पिस्टन त्यांना जागेवरून हलवतो आणि तळाचे सील फुटते. म्हणून आधी लायनर पकडून ठेवावे लागतात. ही गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती, त्याने दुरुस्ती करता करता नवा बिघाड जन्माला घातला.

१९/
मग तपासणी. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने वाक पाहायचा. वाकले असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्यायचे. अतितापलेले ॲल्युमिनियम मऊ पडते, म्हणून त्याचा कठीणपणाही तपासायचा. लायनरची उंची चारही ठिकाणी मोजायची. मग नवे गॅस्केट, पोलादी खुंट्या, आणि बोल्ट मधून बाहेर या क्रमाने आवळायचे: आधी २० न्यूटन-मीटर, नंतर अर्धा फेरा, पुन्हा अर्धा फेरा. अखेरीस कूलंट भरताना अडकलेली हवा संयमाने काढायची. एमजीएफसारख्या गाडीत हे शेवटचे काम कंटाळवाणे असे, आणि तेच अनेकदा घाईत उरकले जाई.

२०/
आणि येथेच बदनामी पक्की झाली. अनेक ठिकाणी फक्त गॅस्केट बदलले गेले. गळके सील तसेच, दबलेले लायनर तसेच, थर्मोस्टॅट तेथेच. काही महिन्यांत नवे गॅस्केटही उडाले आणि मालक म्हणाला, ‘गॅस्केटच वाईट’. आठ-दहा वर्षे जुन्या गाडीत हा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाई, त्यामुळे बाकी सर्वार्थाने धडधाकट असलेल्या गाड्या भंगारात गेल्या. त्या बहुधा सामान्य ऐपतीच्या माणसांच्या होत्या. ही हानी कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

२१/
उपाय सापडला नाही असे नाही. अनेक पोलादी पत्र्यांचे थर असलेले गॅस्केट, त्यासोबत हेडच्या रक्षणासाठी पातळ पत्रा, तळाची अधिक बळकट पट्टी, नव्या जागी बसवलेला दाबानुसार उघडणारा थर्मोस्टॅट, हे सारे पुढे आले. पण ते आले तेव्हा वेळ हातातून निसटत होती. असे का झाले, याचे उत्तर इंजिनाच्या बाहेर आहे.

२२/
मालकांची यादी पाहा. १९८८ ब्रिटिश एरोस्पेस. १९९४ बीएमडब्ल्यू. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने समूहाचे तुकडे केले. लँड रोव्हर फोर्डला गेली, नवी मिनी स्वतःकडे ठेवली, आणि लाँगब्रिजची रोव्हर फिनिक्स या गटाला नाममात्र १० पौंडांना दिली. बारा वर्षांत तीन मालक. नव्या गाडीचा आराखडा रस्त्यावर यायला कित्येक वर्षे लागतात. दर पाच-सहा वर्षांनी धनी बदलणाऱ्या घरात एवढा धीर कोण धरणार? पुढे २००९ च्या सरकारी चौकशी अहवालात नोंदले गेले की फिनिक्सचे चार भागीदार आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना मिळून सुमारे ४.२ कोटी पौंड मिळाले होते.

२३/
येथे कथा आपल्या पुण्याला येऊन भिडते. नवी छोटी गाडी घडवायला रोव्हरकडे पैसा नव्हता. म्हणून २००३ मध्ये तिने पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकायला घेतली. तिच्यात के-सिरीज नव्हते. टाटांचे स्वतःचे १.४ लिटरचे इंजिन होते. गाडी फारशी खपली नाही. पण प्रसंगातला अर्थ पाहा. ‘स्वतःचे इंजिन हवे’ म्हणून हट्टाने के-सिरीज घडवणारी कंपनी पंधरा वर्षांच्या आत दुसऱ्याची संपूर्ण गाडी आपल्या बोधचिन्हाखाली विकू लागली होती.

२४/
२००५ मध्ये शेवट आला. त्याच वर्षी चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलने मालमत्ता विकत घेतली आणि इंजिन बनवणारी यंत्रे चीनला गेली. शांघायच्या एसएआयसीने रोव्हरच्या काही आराखड्यांचे हक्क आधीच घेतले होते. पुढे नानजिंगही तिच्यात विलीन झाली. सुधारलेले के-सिरीज चिनी गाड्यांत चालू राहिले. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. इंजिन पूर्वेला गेले, बोधचिन्हे पूर्वेला गेली. लाँगब्रिजच्या कामगाराला मात्र कोठे जाता आले नाही.

२५/
मग रोव्हर गॅस्केटमुळे बुडाली का? नाही. जुनी होत चाललेली मॉडेले, तुटपुंजे भांडवल, बदलते मालक ही कारणे मोठी होती. पण गॅस्केटचा संबंधच नव्हता असेही नाही. गाडीवरचा विश्वास उडाला की विक्री घटते, विक्री घटली की सुधारणेला पैसा उरत नाही, सुधारणा रेंगाळली की विश्वास आणखी उडतो. हे चक्र कारखान्यात आणि इंजिनात एकाच वेळी फिरत होते.

२६/
इतिहासात आपणही असेच वागतो. एखाद्या राज्याचा अंत एका लढाईवर, एका फितुरावर, एका दुबळ्या वारसावर लिहून मोकळे होतो. फितूर खरा असतो, लढाईही खरी असते. पण ती बहुधा उडालेली गॅस्केट असतात. ज्या सांध्यावर सगळे ताण एकवटले होते, तेथे फट पडली एवढेच. त्या सांध्यापर्यंत ताण कोठकोठून आले, हे शोधणे म्हणजे इतिहास. नुसते गॅस्केट बदलून गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला काही महिन्यांनी तोच पांढरा धूर पुन्हा पाहावा लागतो.

(धागा समाप्त. तुमच्या घरच्या एखाद्या जुन्या गाडीची अशी कथा असेल, तर खाली अवश्य लिहा. मिस्त्रीने काय निदान केले होते, तेही सांगा.)